काका म्हणजे माझे वडील

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही. आईला तर नाहीच. मी काही अबोल बाई नाही. ऑफिसात माझ्या जिभेला लोक जरा टरकूनच असतात. पण ही एक गोष्ट ओठांशी आली की मी लगेच दुसरं काहीतरी बोलते — चहा ठेवू का, पोळ्या टाकू का, असलं काहीतरी. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

सुरुवात कुठून करू? त्या पाळण्यापासून, की शब्दापासून? शब्दापासूनच करते. तो कळला नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही.

मी माझ्या वडिलांना 'काका' म्हणायचे. बिबवेवाडीत आमचं तीन खोल्यांचं घर, त्यात माझे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघांचे संसार एकत्र. थोरल्यांची तीन मुलं माझ्याआधीची. ती माझ्या वडिलांना काका म्हणायची, ते ऐकून मीही म्हणायला लागले, आणि कुणी मला सुधारलं नाही. थोरल्यांना आम्ही सगळी पोरं आबा म्हणायचो. आपल्याकडे अशी कितीतरी घरं असतात. कुणी बापाला भाऊ म्हणतं, कुणी दादा, कुणी आण्णा. घरातल्यांना त्यात काही वाटत नाही. आजही रस्त्यात कुणी रिक्षावाल्याला 'अहो काका' म्हणून हाक मारली, की माझी मान वळते.

आणि काका काय करायचे? मार्केट यार्डात हमाली. पाहा, हे दोन शब्द मी आज पहिल्यांदा असे सरळ लिहिते आहे. भुसार बाजारात ट्रकमधून पोती उतरवायची, पाठीवर घ्यायची, फळीवरून चालत जाऊन थप्पीवर रचायची. बत्तीस वर्षं. उजव्या खांद्यापासून मानेपर्यंत त्यांना जाड घट्टा पडला होता. लहान असताना मी त्यावर गाल टेकून झोपायचे.

हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा त्यांनी यार्डात गाळ्यागाळ्यांतून पेढे वाटले. आणि मी? ऑफिसात कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी म्हणायचे, 'मार्केट यार्डात असतात.' ह्यात खोटं काय होतं? असायचेच की. ऐकणारा आपल्या मनानंच एक गाळा बांधायचा, त्यात गादी घालायचा आणि माझ्या वडिलांना तिच्यावर बसवायचा. मी तो गाळा पाडायला गेले नाही, एवढंच. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं आहे. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या नावासकट नोंदवायच्या. ह्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असं म्हणतात.

तर — पाळणा.

एक्सप्रेसवेच्या वाटेवर तेव्हा नवीनच एक मोठं पार्क झालं होतं. कंपनीची सहल तिथं ठरली, आणि घरातल्या दोघांना बरोबर आणायची मुभा होती. मी घरी सांगणारच नव्हते. पण एका संध्याकाळी जेवताना पटकन बोलून गेले की तिथल्या एका रोलर कोस्टरला म्हणे खाली तळच नाही. नुसत्या खुर्च्या. पाय हवेत लोंबकळतात, आणि तशीच माणसं उलटीपालटी होतात.

काकांचा घास हातातच राहिला. "तळच न्हाय? मग पाय कुठं ठेवायचं?"

"कुठंच नाही."

"तसला पाळणा मला बघायचाय," ते म्हणाले.

त्यांच्या लेखी वर-खाली जाणारं सगळं पाळणाच. चतुःशृंगीच्या जत्रेत ते दरवर्षी मला पाळण्यात बसवायचे, आणि माझ्यापेक्षा तेच जास्त खूश व्हायचे. आयुष्यात ह्या माणसानं काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एक मागितलं. आईला गाडी लागते, कात्रजपर्यंत गेलं तरी तिचं पोट ढवळतं. ती म्हणाली, जावा तुम्ही दोघं बापलेक. पुढचे दोन दिवस मी त्यांना न नेण्याचं काहीतरी कारण शोधत होते. सापडलं नाही. किंवा जे सापडलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

सकाळी कोथरूडहून बस निघाली. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, गळ्याचं बटण लावून, आणि केसांना तेल. मी सगळ्यांना म्हटलं, "हे काका." सगळे म्हणाले, "गुड मॉर्निंग काका." बस, एवढंच. हे इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. पुण्यात पन्नाशीपुढचा कुठलाही पुरुष काकाच असतो, त्यामुळे मी काय म्हटलं आणि त्यांनी काय ऐकलं, ह्याची गाठ पडायचं कारणच नव्हतं. काकांनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि अख्ख्या बसमध्ये वाटल्या. शेंगा कुठल्या, कशा ओळखायच्या, हे ते मागच्या सीटवरच्या दोघांना समजावून सांगत होते. ती मुलं ऐकतही होती. मी खिडकीबाहेर बघत होते. तोवर मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते — हे मी नंतर स्वतःला किती वेळा ऐकवलंय, त्याला सुमार नाही.

पाळण्याच्या रांगेत आमच्या पुढे तन्वी होती. ती माझी टीम लीड. वयानं माझ्याएवढीच, स्वभावानं मोकळी. तिचे वडील कुठल्याशा बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, तेही बरोबर होते — टोपी, गॉगल, पायात पांढरे बूट. मला तन्वी आवडायची. तिनं मला कधी कमी लेखलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही तिलाच बोल लावाल.

फलाटाशी पोचलो तर पायातलं सैल असेल ते काढून ठेवायला सांगितलं. पाय हवेत असणार, चप्पल उडाली तर कुणाच्या तरी डोक्यात बसेल. काकांनी सँडल काढल्या. नव्याच होत्या, सहलीसाठी घेतलेल्या. आणि त्यांचे पाय दिसले.

टाचांना ह्या अशा भेगा, त्यांत काळं बसलेलं, कितीही घासलं तरी न जाणारं. बोटं फाकलेली. अंगठ्याचं नख पोतं पडून कधीचंच गेलेलं. ओझं घेऊन अनवाणी फळीवरून चालणाऱ्या माणसाचे पाय. तन्वीच्या वडिलांचं लक्ष गेलं. ते वाईट नजरेनं बघत नव्हते, नुसते बघत होते. मग तन्वीनं हसून विचारलं, अगदी सहज, "काका गावाकडे असतात का? आणि बाबा नाही का आले गं?"

तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. हेच माझे बाबा, मी त्यांना काका म्हणते. दहा शब्दसुद्धा नाहीत. काका माझ्या शेजारी उभे होते, हातभर अंतरावर, सँडलचा जोड नीट भिंतीला लावून ठेवत.

मी म्हणाले, "नाही ना, त्यांना जमलं नाही."

काका सँडल ठेवता ठेवता थांबले. वाकलेलेच होते. मग सरळ झाले आणि तन्वीकडे बघून म्हणाले, "हो. दादाला यार्डात काम निघालं. म्हणला, तू जा पोरीबरोबर."

'दादा' म्हणजे स्वतःच. एका क्षणात त्या माणसानं स्वतःला एक मोठा भाऊ करून दिला, त्याला कामाला पाठवून दिलं, आणि आपण त्याच्या जागी आलो. असं कसं सुचलं असेल त्यांना इतक्या लवकर? मला शिव्या दिल्या असत्या, गप्प उभे राहिले असते, तरी चाललं असतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं.

आम्ही चौघं एका रांगेत बसलो. तन्वीचे वडील, तन्वी, मी, काका. वरून खांद्यांवर जाड दांडे आले. काकांचा दांडा उजवीकडे नीट बसेना, घट्ट्यावर अडकत होता. तिथला माणूस दाबून बघत म्हणाला, "काका, खांद्याला काही झालंय का?" तन्वी वाकून बघायला लागली. काका म्हणाले, "लहानपणी पडलो होतो." 'पडलो हुतो' नाही, 'पडलो होतो'. आमच्यासारखं, जपून. तेवढ्यात दांडा खटकन बसला, आणि पायाखालची फरशी दोन्हीकडे सरकून निघून गेली.

मग चढण. हळूहळू वर नेतात, खालून साखळीची कटकट ऐकू येते. समोर नुसतं आभाळ. मी खाली पाहिलं तर माझे बूट, आणि शेजारी त्यांचे उघडे पाय, आणि त्यांच्याखाली काहीच नाही. खूप खाली माणसं. मी ठरवलं की आता सांगायचं. तन्वी हातभरावर आहे, तिच्याकडे वळायचं आणि सांगून टाकायचं. अजून अर्धी चढण बाकी होती. वेळ होता. वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही.

तेवढ्यात काका माझ्याकडे झुकले, दांड्यामुळे जेवढं झुकता आलं तेवढं, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "बरुबर बोललो न्हवं मी?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आमच्या पुण्यात लोक टोमण्याशिवाय वेळ सांगत नाहीत, पण ह्या माणसाला ते कधी जमलंच नाही. ते खरोखरच विचारत होते. आपलं काही चुकलं तर नाही ना, पोरीला खाली मान घालायला लागणार नाही ना.

मी मान हलवली. हो. बरोबर बोललात.

आणि आम्ही खाली गेलो.

पुढची दीड-दोन मिनिटं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. एकदा जमीन वर होती. तन्वी किंचाळत होती, तिचे वडील 'अरे बापरे, अरे बापरे' करत होते. आणि मी ओरडत होते — 'काका, काका.' लहानपणी ताप चढला की ओरडायचे तशी. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हाय मी. हाय मी हितं."

उतरल्यावर तन्वी म्हणाली, "तुझे काका तुला फारच जीव लावतात गं." मी म्हणाले, "हो ना."

परतीच्या वाटेवर ते झोपून गेले. घरी आईनं विचारलं कसं होतं, तर तिला दोन्ही हातांनी पाळण्याचं वर्णन करून सांगितलं, उलटं कसं होतं, पाय कसे लोंबतात. रांगेतलं काही सांगितलं नाही. मलाही त्यावरून कधी काही बोलले नाहीत.

इथंच संपलं असतं तर मी ते कधीच विसरून गेले असते, असं मला वाटतं. माणूस ह्यापेक्षा वाईट वागूनही विसरतो. पण दीड वर्षानं माझं लग्न ठरलं.

सासरची माणसं बाहेरची, ऑफिसच्या ओळखीतली नव्हेत. त्यांना सगळं माहीत होतं. बघायला आले तेव्हा काकांनीच पहिल्या वाक्यात सांगितलं होतं, मी हमाल हाय यार्डात. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नाला चार दिवस राहिले होते. मी मेंदीच्या बाईची वाट बघत बसले होते, तेव्हा काका माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "हापिसातली येणारेत का गं तुझ्या?"

"येणारेत. दहा-बारा जणं."

"ती पोरगी बी?"

"तन्वी? हो."

"बरं," म्हणाले, आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या घरासमोर त्यांनी सांगितलं की कन्यादानाला आबा आणि त्यांची बायको, आमची मोठी आई, बसतील. आपला गुडघा धरलाय, तासभर मांडी घालून बसवणार नाही. आबा नको नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

गुडघा. जो माणूस त्या सकाळीही ओझं घेऊन फळी चढून आला होता, त्याचा गुडघा.

मला कळलं. कळायला एक क्षणही लागला नाही. माझे डोळे त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. आता तुम्ही विचाराल, मग तू काय केलंस? काही नाही. मला — हे लिहिताना हात थांबतोय — मला हायसं वाटलं. कारण गेले आठ दिवस मी तोच विचार करत होते, तन्वी येईल आणि बोहल्यावर 'काकां'ना बघेल, त्याचं काय करायचं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ते आपणहून सोडवलं. आबा दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले, गोरे, चष्मेवाले. मुलीचे वडील म्हणून शोभून दिसत होते.

पण एका माणसाचा विचार आम्हा दोघांपैकी कुणी केला नाही. आईचा.

कन्यादानात आई झारीनं पाण्याची धार सोडते. मी तिची एकुलती एक. तिला दुसरी मुलगी नव्हती की पुन्हा कधी ती जागा मिळेल. नवरा बसणार नाही म्हटल्यावर तिलाही बसता येईना. तिनं त्यासाठी हिरवी पैठणी घेऊन ठेवली होती. ती नेसून ती कार्यालयाच्या खांबाला टेकून उभी होती, आणि धार मोठी आई सोडत होती. काका पंगतीच्या बाजूला होते, पाहुण्यांना पाणी देत. तांब्या घेऊन खाली वाकत होते, उठत होते, पुन्हा वाकत होते. त्यांच्या गुडघ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

ऑफिसातले लोक अर्धा तास थांबले. आबांना नमस्कार करून जेवून गेले. तन्वी काकांनाही भेटली, म्हणाली, "काका, ओळखलंत का? पाळणा?" ते हसले. त्या दहा-बारा जणांतली निम्मी नावं मला आज आठवत नाहीत. तन्वी परदेशी गेली, आमचा संबंध राहिला नाही. त्या अर्ध्या तासासाठी होतं सगळं.

आईनं काकांना ते कधी माफ केलं नाही. तिनं तिच्या परीनं त्याचा अर्थ लावला: हा माणूस जन्मभर भावापुढं मान खाली घालून राहिला, आणि भावाला मान द्यायचा म्हणून ह्यानं माझा मान देऊन टाकला. भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवटी तिथंच येऊन थांबायचं. 'माझ्या एकुलत्या एक पोरीची धार दुसरीच्या हातात दिलीत तुम्ही.' ते काही बोलायचे नाहीत. मी किती वेळा त्या खोलीत होते. एक वाक्य. पुन्हा एकच वाक्य होतं.

शेवटच्या आजारपणात ती त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. दमली होती, चिडली होती, आणि ते गिळत नव्हते. पटकन बोलून गेली, "तेव्हा तरी बायकोचा इचार करायचा होता." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटतं, मुद्दाम पाहिलं नाही. आपण पाहिलं तर हीही बघेल, म्हणून. त्यांनी तोंड उघडलं आणि पेज गिळली. नंतर पाचव्या दिवशी गेले.

आता आई माझ्याकडे असते, कोथरूडला. मागच्या महिन्यात काकांचं वर्षश्राद्ध झालं. सगळं आवरून आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो, मी उरलेलं अन्न डब्यांत भरत होते. आई रिकामी पातेली एकात एक ठेवत होती. मग म्हणाली, "लय बोलले मी त्यांना त्या धारेवरनं. मरेस्तोवर बोलले. आता जाऊ दे. झालं ते झालं. आज त्यांच्या फोटोपुढं हात जोडले आन् सांगितलं, तुमी केलं ते केलं, मी माफ केलं तुमाला."

आणि माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

मी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "बरं केलंस."